दिवसाचा दर आणि वर्षाचा संसार

समुद्रातल्या कामाचा पगार नेहमी दिवसाचा सांगतात. "दिवसाला अडीच हजार, राहणं-खाणं कंपनीचं." आयटीआय करून वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत फिटर किंवा वेल्डर म्हणून राबणाऱ्या पोराच्या कानावर हा आकडा पडला की तो लगेच तीसने गुणतो आणि महिन्याला पंचाहत्तर हजार असे उत्तर काढतो. घरी आई-वडीलही तोच गुणाकार करतात. नालासोपाऱ्यात किंवा विरारला वन-बीएचके पाहणे सुरू होते. मी उमेदीची वर्षे मुंबई हायच्या तेलक्षेत्रात ठेकेदाराचा कामगार म्हणून काढली. फिटर म्हणून गेलो, पुढे क्रेनवर आलो. आजही तरुण मुले सल्ला विचारायला येतात, "काका, जाऊ का?" म्हणतात, आणि मी त्यांना आधी तो गुणाकार पुसायला सांगतो.

दिवसाचा दर मिळतो तो पाय समुद्रात असलेल्या दिवसांचा. ओएनजीसीच्या कायम नोकरीतल्या माणसाची पाळी चौदा दिवस आत आणि चौदा दिवस बाहेर अशी असते, आणि बाहेरच्या चौदा दिवसांचा पगारही त्याला चालू असतो. ठेकेदाराच्या माणसाचे तसे नाही. तो घरी आला की त्याचे मीटर बंद. पुन्हा बोलावणे येईपर्यंत किती दिवस जातील ते त्याच्या हातात नसते. दुरुस्तीची आणि बांधकामाची बरीचशी कामे ऑक्टोबर ते मे या उघडिपीच्या काळात होतात. पावसाळा लागला की बार्ज किनाऱ्याकडे फिरतात आणि शेकडो माणसे एकदम घरी बसतात. मेडिकलचे दिवस, प्रशिक्षणाचे दिवस, हेलिकॉप्टर उडाले नाही म्हणून जुहूच्या तळावरून परत आलेले दिवस, हे सगळे बिनपगारी. समजा वर्षात १८० दिवस काम मिळाले. अडीच हजाराने वर्षाचे साडेचार लाख होतात, म्हणजे महिन्याला ३७,५००. त्यातून प्रशिक्षणाची फी आणि मेडिकल गेले की जे उरते, ते वालीवच्या चांगल्या कारखान्यातल्या ओव्हरटाइमसकटच्या पगारापेक्षा फार वर नसते. घराचा हप्ता ठरवायचा तो ३७,५०० वर, पंचाहत्तर हजारांवर नव्हे. बँकेचा हप्ता पावसाळ्यातही येतो.

दर ऐकताना आणखी एक विचारून घ्यावे: तो किती तासांचा आहे? समुद्रात पाळी बारा तासांची असते. आठ तासांचा दर आणि वर चार तासांचा ओव्हरटाइम, की बाराही तास एकाच दरात गुंडाळले आहेत? तोंडी उत्तर नेहमी गोड असते. नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते पाहावे.

आपल्या भागाचा या कामाशी संबंध जुना आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. एक रुपयाच्या नोटेवर मागच्या बाजूला जे चित्र आहे ते याच रिगचे. त्याच समुद्रात जे मोठे वायुक्षेत्र सापडले त्याला नावच आपल्या वसईचे मिळाले, बसीन. तिथला गॅस समुद्राखालच्या पाइपलाइनने गुजरातेत हजिऱ्याला जातो. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळ्यांना रात्री दूरवर ज्या ज्योती दिसतात त्यांखाली आपल्याच तालुक्यातली काही मुले उभी असतात. पहाटेची विरार लोकल पकडायची, पार्ल्याला उतरायचे, जुहूच्या हेलिबेसवर वजन करून घ्यायचे आणि तासाभरात लोखंडाच्या बेटावर पोचायचे. त्या कामाचा मला अभिमान होता आणि आजही आहे. देशाच्या चुलीत आणि गाडीत जे जळते ते काढायला हात लागतात. पण ज्यांचे हात लागतात त्यांनी आपला हिशेब आणि आपला जीव या दोन्हींची चौकशी स्वतः करावी, कारण तिथे ती दुसरे कोणी करत नाही.

चौकशीची सुरुवात एका प्रश्नाने होते: तुमचा मालक कोण?

बहुतेक मुले तेल कंपनीचे नाव सांगतात. हेल्मेटवर, कव्हरऑलवर, हेलिकॉप्टरच्या यादीवर तेच नाव असते म्हणून. प्रत्यक्षात तेल कंपनी एका मोठ्या ठेकेदाराला काम देते, तो त्यातला तुकडा दुसऱ्याला देतो, दुसरा माणसे पुरवणाऱ्या तिसऱ्याकडून माणसे घेतो, आणि कधी कधी तिसराही चौथ्याला सांगतो. तुम्हाला फोन करणारा माणूस हा त्या उतरंडीतला सर्वांत खालचा. तुम्ही ज्या बार्जवर झोपता ती आणखी कोणाच्या मालकीची, आणि तिथले जेवण वेगळ्याच ठेकेदाराचे. काम सुरळीत चालते तोवर ही उतरंड कोणाला टोचत नाही. पगार थांबतो तेव्हा आणि वादळ येते तेव्हा ती उघडी पडते, आणि दोन्ही वेळा खालच्या माणसाला कळत नाही की जबाब कोणाकडे मागायचा.

पगाराचे मी स्वतः भोगलेले सांगतो. जून २०१४ मध्ये कच्चे तेल पिंपाला ११५ डॉलरच्या घरात होते. जानेवारी २०१६ मध्ये ते तिसाच्या खाली आले. जगभर रिगा काढून घेतल्या, बंदरांत नेऊन बांधून ठेवल्या, नवी कंत्राटे अडली. आम्ही ज्या रिगवर होतो तिचे कंत्राट संपले आणि ते पुन्हा मिळाले नाही. रिग गेली. शेवटच्या काही महिन्यांचा पगार मात्र आलाच नाही. आम्हाला नेमणाऱ्या माणसे-पुरवठादाराने आधी "वरून पैसे सुटले नाहीत" सांगितले, मग "पुढच्या सोमवारी", मग फोन उचलणेच बंद केले. त्याच्या वरच्याकडे गेलो तर तो म्हणाला, "मी त्याला पूर्ण दिलेत, तुम्ही माझी माणसं नाही." आमच्यातल्या एकाने त्या काळात नालासोपाऱ्यातले नवे घर तोट्यात विकले. दुसऱ्याच्या बायकोने दागिने गहाण ठेवून मुलांची फी भरली. ही सगळी कष्टाळू, निर्व्यसनी माणसे होती; तेलाचा भाव पडण्यात त्यांचा काडीचाही हात नव्हता.

आम्हाला तारले ते कायद्यातल्या एका तरतुदीने आणि कागदांनी. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, असे १९७० च्या ठेकेदारी कामगार कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांतही ही जबाबदारी कायम आहे. तेलक्षेत्र हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय, म्हणून तक्रार राज्याच्या कामगार कार्यालयात चालत नाही. ती केंद्रीय श्रम आयुक्तांकडे करावी लागते. मुंबईतले त्यांचे कार्यालय शीवला आहे. पालघर किंवा ठाण्याच्या कार्यालयात हेलपाटे घालून तुमचे महिने जातील, ते घालवू नका.

तिथे पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. तुम्ही त्या रिगवर होता हे दाखवा. नेमणूकपत्र काही जणांकडे नव्हतेच. माझ्याकडे होते, शिवाय गेटपास होता, क्रू चेंजचे संदेश होते, आधीच्या महिन्यांच्या पगाराच्या नोंदी बँकेच्या पासबुकात होत्या, आणि एका साध्या वहीत मी रोजची तारीख, पाळी आणि फोरमनचे नाव लिहीत असे. ती वही फार उपयोगी पडली. हेलिकॉप्टरने कोण कधी गेला-आला आणि रोज रात्री प्लॅटफॉर्मवर किती माणसे होती याची यादी तेल कंपनीकडे असतेच; आमच्या तारखा तिच्याशी जुळल्या आणि बोलणे बदलले. थकलेल्या पैशांचा मोठा भाग मिळाला, सगळा नाही, आणि तोही बऱ्याच उशिराने. ज्यांचा पगार रोख हातात येत असे आणि ज्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता, त्यांच्या हाती फार थोडे लागले.

तेव्हा रोख पगार घेऊच नये, थोडा जास्त देतो म्हणाला तरी. नव्या संहितांनी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि काम सुटल्यावर, मग राजीनामा असो की कपात, दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायला सांगितले आहे. कायद्यात लिहिलेले आपोआप घडत नाही. ते मागावे लागते, आणि मागण्यासाठी ते आधी माहीत असावे लागते.

भविष्यनिर्वाह निधीचेही तसेच. ठेका बदलला की हेल्मेटवरचे चिन्ह बदलते, माणूस तोच राहतो, पण पीएफचे खाते नवे निघते. यूएएन क्रमांक मात्र आयुष्यभर एकच असायला हवा. काही ठेकेदार दर वेळी नवा क्रमांक काढून मोकळे होतात. मग सेवा तुटलेली दिसते, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षे कागदावर भरतच नाहीत. उमंग ॲपवर पासबुक दिसते. दर महिन्याला ते उघडून पाहावे. पगारातून पीएफ कापला आणि खात्यात जमा झाला नाही, असेही घडते, आणि ते पहिल्या महिन्यात पकडले तर सुटते, तीन वर्षांनी पकडले तर तो ठेकेदारच सापडत नाही. पीएफ नीट भरला जात असेल तर त्यासोबत ठेवसंलग्न विम्याचे छत्रही मिळते. नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्यातून वारसांना जास्तीत जास्त सात लाख मिळतात. हे पैसे घरच्यांना माहीत नसल्याने पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

आता जिवाचे बोलू.

२७ जुलै २००५. आदल्याच दिवशी मुंबई बुडाली होती, आपल्याकडेही वसईत घराघरांत पाणी होते. समुद्र खवळलेला, हेलिकॉप्टर उडत नव्हते. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळच्या 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. उपचारासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर घ्यायचे ठरले. क्रेनने त्याला वर उचलले. त्यानंतर लाटांनी जहाज प्लॅटफॉर्मवर ढकलले गेले आणि जहाजाचा हेलिडेक समुद्रातून वर येणाऱ्या गॅसच्या पाइपांवर आदळला. गॅस सुटला, पेटला, आणि दोनेक तासांत तो अख्खा प्लॅटफॉर्म संपला. ३६२ माणसे वाचवली गेली, २२ गेली. ते जहाजही काही दिवसांनी बुडाले.

मी क्रेनवर काम केलेला माणूस आहे, म्हणून या घटनेकडे मी त्या खुर्चीतून पाहतो. जखमी माणसाला वर घेण्याचा निर्णय दयेचाच होता. पण खवळलेल्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मच्या इतके जवळ आणणे, तेही वारा आणि लाटा जहाजाला प्लॅटफॉर्मवरच लोटत आहेत अशा बाजूला, ही गोष्ट त्या बोटांपेक्षा शेकडो पटींनी मोठी होती. समुद्रात मोठे अपघात असे छोट्या, चांगल्या हेतूच्या कामातून सुरू होतात. बास्केटमधून माणसे चढवायची-उतरवायची असतात तेव्हा लाट किती आहे, वारा कुठल्या बाजूचा आहे हे बास्केटमध्ये उभ्या राहणाऱ्यानेही पाहावे. 'काम थांबवा' म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, असे दर सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये सांगतात. ठेकेदाराच्या माणसाला तो वापरताना भीती वाटते, कारण पुढच्या यादीत नाव आले नाही तर कारण कोणी सांगत नाही. ती भीती खरी आहे, मी ती ओळखतो. तरीही एकट्याने न बोलता दोघा-तिघांनी मिळून, फोरमनसमोर, नोंद होईल अशा रीतीने बोलावे. परमिटच्या कागदावर शंका लिहिली तर ती पुसणे कोणालाही सोपे नसते.

याच्या उलट प्रकार म्हणजे छोटी दुखापत लपवणे. बहुतेक ठिकाणी अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक असतो, आणि तो आकडा मोडू नये असे वरपासून खालपर्यंत सर्वांना वाटते. बोट चेमटले, पाठ धरली, डोळ्यात ग्राइंडिंगचा कण गेला की सांगितले जाते, "आराम कर, लिहायला नको." लिहायलाच हवे. प्लॅटफॉर्मवरच्या डॉक्टरच्या नोंदवहीत तारीख, वेळ, कुठे काम करताना लागले, हे सगळे लिहून घ्यावे. आज दुखणारी पाठ दोन वर्षांनी काम करू देत नाही तेव्हा तीच नोंद तुमच्या बाजूने बोलते.

मे २०२१ चे तौक्ते वादळ तर आपल्या किनाऱ्याजवळूनच गेले. पी-३०५ ही माणसांच्या राहण्याची बार्ज होती. तिला स्वतःचे इंजिन नव्हते, ती नांगरांवर उभी असे. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तरी २६१ माणसे घेऊन ती हिरा तेलक्षेत्राजवळ समुद्रातच राहिली. वादळात नांगर तुटले, बार्ज वाहत गेली, प्लॅटफॉर्मला धडकली आणि १७ मे रोजी बुडाली. नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना काढले. 'वरप्रदा' या टगवर १३ जण होते, त्यांतले दोनच वाचले. दोन्ही मिळून ८६ माणसे गेली. मृतदेह रायगडच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यांना लागले. कित्येकांची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. त्याच वादळात 'गॅल कन्स्ट्रक्टर' ही दुसरी बार्ज वाहत आपल्याच पालघरच्या किनाऱ्याकडे आली आणि रुतली. तिच्यावरची सगळी १३७ माणसे वाचली. एक बार्ज किनाऱ्याला लागली, एक बुडाली, आणि दोन्हींवरच्या कामगारांना आपल्या बार्जने कुठे राहायचे हे ठरवण्यात काही वाटा नव्हता.

त्यानंतर बराच काळ वाद चालला तो हाच, की बार्ज हलवण्याचा निर्णय कोणाचा होता. कप्तानाचा, बार्जमालकाचा, ती भाड्याने घेणाऱ्याचा की ज्याचे काम चालू होते त्याचा? केंद्राने चौकशी समिती नेमली. माझ्या मते ज्या रचनेत हा प्रश्न माणसे गेल्यावर विचारावा लागतो ती रचनाच धोकादायक आहे. पगार थांबल्यावर प्रत्येक जण जसा वरच्याकडे आणि खालच्याकडे बोट दाखवतो, तसेच इथेही झाले.

म्हणून मुलांना सांगतो, काम कशावर आहे ते आधी विचारा. प्लॅटफॉर्म समुद्रतळात रोवलेला असतो. जॅक-अप रिग पाय टेकवून उभी असते. बार्ज तरंगते. दिवसाचा दर तिन्हींकडे सारखा सांगितला तरी धोका सारखा नसतो. बार्जवर जायचे असेल तर वादळाचा इशारा आल्यावर ती कुठे नेणार, तिला ओढणारा टग कुठला, हे पहिल्याच दिवशी सेफ्टी ऑफिसरला विचारा. त्याला राग आला तरी चालेल. पी-३०५ मधून वाचलेल्यांनी सांगितले होते की कित्येक लाइफराफ्ट फाटलेल्या निघाल्या. तेव्हा चढल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी राफ्टच्या डब्यावरची तपासणीची तारीख वाचा. आपले लाइफजॅकेट काढून बघा, त्याला दिवा आणि शिट्टी आहे ना ते पाहा, पट्टे स्वतःच्या अंगावर ओढून पाहा. पलंगापासून मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात जमायच्या जागेपर्यंत, एकदा डोळे मिटून, भिंत चाचपत जा. आग लागली की पहिल्यांदा दिवे जातात.

हेलिकॉप्टरचा धोका वेगळा. ऑगस्ट २००३ मध्ये २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर आपल्या डहाणूसमोर समुद्रात पडले, पाच तेल अधिकारी आणि दोन वैमानिक, कोणीच वाचले नाही. जून २०२२ मध्ये 'सागर किरण' रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरले; नऊपैकी चार गेले, पाच वाचले. वाचण्यासाठी जे लागते ते तलावात शिकवतात: उलटे झालेले केबिन, नाकात पाणी, हाताने खिडकी शोधायची, पट्टा शेवटी सोडायचा. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षा संस्था आहे, शिवाय इतरही मान्यताप्राप्त केंद्रे आहेत. आणि हे सर्टिफिकेट पैसे टाकून, पाण्यात न उतरता मिळवून देणारे दलालही आहेत. असे सर्टिफिकेट घेऊन जाणारा स्वतःचा जीव तर धोक्यात घालतोच, पण शेजारच्या सीटवरच्या माणसाची वाटही अडवतो.

दलालांचा विषय निघालाच आहे तर परदेशाचेही सांगून टाकतो. "आधी कोर्स करा, मग सौदीत रिगवर नक्की" असे म्हणून दीड-दोन लाख घेणारी कार्यालये नवी मुंबईपासून विरारपर्यंत उघडतात आणि बंद होतात. परदेशात माणसे पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला असतो, आणि त्याने घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर अशी आहे. त्यापेक्षा जास्त मागणारा कायदा मोडतो आहे. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याकडे पाठ फिरवावी. तिथे पोचल्यावरही नोकरी पक्की असे समजू नये: २०२४ च्या सुरुवातीला सौदी सरकारने तेलाची क्षमता वाढवण्याचा बेत रद्द केला, आणि पाहता पाहता तिथल्या कित्येक जॅक-अप रिगांची कामे थांबवण्यात आली. कामाला काही कमी पडले म्हणून ती माणसे घरी आली नाहीत. एका दूरच्या राजधानीतल्या निर्णयाने आली.

आता सर्वांत कटू आकडा. कामावर मृत्यू झाला तर कायदेशीर भरपाईचे सूत्र असे आहे: महिन्याच्या वेतनाचा अर्धा भाग, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. तिसाव्या वर्षी तो २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. पण महिन्याचे वेतन म्हणून जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरायचे, अशी मर्यादा केंद्राने जानेवारी २०२० मध्ये घातली. म्हणजे तुमचा पगार पंचाहत्तर हजार असो की लाख, तीस वर्षांच्या माणसामागे त्या सूत्राने येतात १५,५९,८५० रुपये, चाळीस वर्षांच्या माणसामागे १३,८१,२७५. त्यात घराचे कर्जही फिटत नाही, मुलांचे शिक्षण तर दूरच. पी-३०५ नंतर काही कुटुंबांना यापेक्षा जास्त मिळाले, पण अशी जास्तीची रक्कम कंपनीची मर्जी आणि वर्तमानपत्रांचे लक्ष यांवर अवलंबून असते. एकटा माणूस पाइपाखाली सापडून जातो तेव्हा वर्तमानपत्रे येत नाहीत.

तेव्हा नेमणूकपत्रावर सही करण्याआधी गट अपघात विम्याची रक्कम विचारा, पॉलिसीची प्रत मागा, आणि त्यात समुद्रातले काम वगळलेले नाही ना हे वाचून घ्या. त्याखेरीज स्वतःचा मुदतीचा विमा उतरवा. उतरवताना आपण ऑफशोअर काम करतो हे लिहा, हप्ता थोडा वाढला तरी. एजंट म्हणतो "नोकरी एवढंच लिहू." लिहू देऊ नका, धोक्याचा धंदा लपवला या कारणावर विधवेचा दावा अडवला जातो, आणि तेव्हा तो एजंट तिच्या शेजारी उभा राहत नाही.

आपल्या वसई-विरारच्या घरांत बाई सगळे सांभाळते, पण नवऱ्याच्या कामाचे कागद तिच्यापासून दूर राहतात. दुष्ट हेतूने नव्हे, "उगाच काळजी" म्हणून. तौक्तेनंतर मुंबईत कुटुंबे फोटो घेऊन फिरत होती ते आठवा. निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून द्या: नेमणाऱ्या ठेकेदाराचे पूर्ण नाव आणि पत्ता, त्याच्या वरच्या ठेकेदाराचे नाव, रिगचे किंवा बार्जचे नाव, यूएएन, विमा पॉलिसीचे क्रमांक, बँक खाते आणि नॉमिनी, सोबत जाणाऱ्या गावातल्या माणसाचा फोन. लग्नानंतर नॉमिनी बदलला नसेल तर तो आजच बदला. पतपेढीत सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम ठेवा आणि ती गाडीसाठी मोडू नका.

आणि सहीची घाई करू नका. नेमणूकपत्र दोन दिवस घरी मागा, ते बायकोला वाचायला द्या, आपल्या भागात या कामातून निवृत्त झालेली माणसे गावोगाव आहेत, त्यांतल्या एकाला दाखवा. दर किती तासांचा, बाहेरच्या दिवसांचे काय, पीएफ कशावर, विमा किती, मालक कोण, एवढी पाच उत्तरे त्या कागदावर सापडली पाहिजेत. जो ठेकेदार कागद दोन दिवस देत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.